जिप्सीचं स्टिअरिंग पन्नासला थरथरतं: नवी चाकं, नवे पाटे टाकूनही परत येणारा दोष

मोहर्ली, कोलारा, सिल्लारी, उमरेड-कऱ्हांडला, सेमाडोह. विदर्भातल्या जंगलांत सफारीच्या जिप्सी जिथे जिथे उभ्या असतात तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. जंगलात गाडी निमूट चालते. गेटवरून गावाकडे परतताना डांबरी रस्त्यावर ४५-५० चा वेग आला, चाक एखाद्या खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यावर आदळलं, की स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी असं हिसके मारायला लागतं की हातात धरवत नाही. गाडी जवळपास थांबेपर्यंत ते सुटत नाही. मग मालक रुंद टायर टाकतो, नवे शॉकअप टाकतो, पाटे (लीफ स्प्रिंग) वाढवतो, स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) बदलतो. पंधरा दिवस बरे जातात आणि थरथर परत येते.

मारुतीने ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद केली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी जुनीच आहे आणि तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये थोडीफार झीज असणारच. थरथरीचं मूळ बहुतेक वेळा या झिजेत आणि बिघडलेल्या कॅस्टरमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या कलात, असतं. मोठं चाक दोष निर्माण करत नाही, आधीपासून असलेला दोष बाहेर काढतं. म्हणून चाकं आणि पाटे निवडण्याआधी खालची तपासणी करायची. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात.

थरथर कोणती ते आधी ओळखा

सगळी थरथर एका जातीची नसते. ठरावीक वेगाला, समजा ६५ ते ८० मध्ये, स्टिअरिंग बारीक कंप पावतं आणि वेग कमी-जास्त केला की थांबतं, तर तो चाकाचा दोष आहे: बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरला आलेला फुगा. खड्ड्याचा धक्का बसल्यावरच सुरू होऊन जोरजोरात हिसके मारणारी आणि वेग पार उतरेपर्यंत न थांबणारी थरथर वेगळी. ती प्ले (सांध्यांमधली सैल हालचाल) आणि कॅस्टरची. गाडी सतत एका अंगाला ओढत असेल तर हवा, चिकटलेला ब्रेक किंवा पाटे मधोमध धरून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटलाय का ते बघा. आणि स्टिअरिंग शांत असताना नुसती बॉडीच डोलत असेल, तर शॉकअप आणि बुश (पाट्याच्या सांध्यातली रबरी नळी).

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पर्यटक भरलेले असताना गाडी ठीक आणि त्यांना उतरवून रिकामी परतताना थरथर, असं होत असेल तर संशय सरळ कॅस्टरवर घ्या. कारण खाली पाट्यांच्या भागात सांगितलं आहे.

हिसके सुरू झाले तर जोरात ब्रेक मारू नका. ब्रेकने वजन पुढच्या चाकांवर येतं आणि हिसके वाढतात. अ‍ॅक्सिलेटर सोडा, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि डावीकडे घ्या.

पैसे न लागणारी तपासणी

पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दोन महिने सगळ्यात आधी रिमची आतली बाजू बघा. काळी माती रिमच्या आतल्या पन्हाळीत बसते आणि उन्हात विटेसारखी वाळते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. आत हात घातला तर तळहाताएवढी खपली निघते, तिचं वजन शंभर-दोनशे ग्रॅम सहज भरतं. बॅलन्सिंगवाला ५-१० ग्रॅमच्या शिशाच्या वजनांनी जे साधतो ते एवढ्या मातीपुढे कुठे टिकणार? पांदण रस्त्यावरून किंवा वावरातून आलेली गाडी डांबरी रस्त्यावर नेण्याआधी रिम आतून खरवडून, धुऊन घ्या. बऱ्याच गाड्यांचा दोष इथेच मिटतो.

मग हवा. रस्त्याकडेचा पंक्चरवाला विचारल्याशिवाय ३५ भरतो. जेमतेम एक टन वजनाच्या गाडीला पुढच्या चाकात ३५ म्हणजे फार झालं. टायर दगडासारखा कडक होतो, उड्या मारतो आणि प्रत्येक धक्का थेट टाय-रॉडवर (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) जातो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि हवा पहाटे, टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात चालून आलेल्या टायरचा आकडा वाढलेलाच दिसणार, तेव्हा हवा सोडू नका. टायर मूळ मापाचे नसतील तर खडूची परीक्षा करा: टायरवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर १५-२० मीटर सरळ चालवा. रेघ फक्त मधोमध पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी.

त्यानंतर जॅक. पुढचा अ‍ॅक्सल उचला, खाली स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळे द्या. चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. प्ले तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती. आता चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा आणि टाय-रॉडच्या टोकांकडे बघा. शेवटी गाडी खाली उतरवा, चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली बसून ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) सांधे, पाट्यांचे बुश आणि स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट बोटाने चाचपायचे. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. बॉक्सचे बोल्ट सैल असणं ही या गाडीत नेहमीची गोष्ट आहे, पण तिकडे लक्ष शेवटी जातं.

किंगपिन हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. नकलच्या (चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या) वर-खाली टेपर बेअरिंग असतात आणि टोपीखालच्या पातळ शिमांनी (पत्र्याच्या चकत्यांनी) त्यांचा ताण ठरतो. नकलचं मोठं सील फाटलं की आत माती-पाणी जातं, ग्रीसचा चिखल होतो आणि बेअरिंगच्या वाटीवर रोलरच्या आकाराचे ओरखडे पडतात. मग स्टिअरिंग सरळ असताना त्या खाचांत अडकल्यासारखं वाटतं. बेअरिंग बदला, सीलही त्याच वेळी बदला, आणि एक-एक शिम काढून ताण असा आणा की टाय-रॉड सुटा असताना नकल हाताने फिरतो पण सैल लोंबकळत नाही. नुसते शिम काढून जुनंच बेअरिंग आवळलं तर महिनाभर बरं वाटेल, पुढे स्टिअरिंग जड होऊन वळणानंतर सरळ येणार नाही.

स्टिअरिंग बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू हे शेवटचं हत्यार आहे. झीज मधल्या भागात असते. तिथला प्ले काढायला स्क्रू आवळला की वळणाच्या टोकांना बॉक्स जाम होतो. स्टिअरिंगच्या कडेला मोकळा प्ले ३० मिमीच्या वर असेल तर आधी सांधे, मग बॉक्स.

टाय-रॉड मागवताना गाडी जुन्या अरुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराची) आहे की नंतरच्या रुंद ट्रॅकची, हे दुकानदाराला सांगा. लांबी वेगळी असते.

पाटे: कॅस्टर इथे बिघडतो

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत आणि ते अ‍ॅक्सलच्या खालून जातात. पुढच्या पाट्याचं मागचं टोक चेसिसला पक्कं आणि पुढचं टोक शॅकलवर (हलत्या कडीवर). पुढची चाकं वळणानंतर स्वतःहून सरळ येतात ती कॅस्टरमुळे, म्हणजे किंगपिनचा वरचा भाग थोडा मागे कललेला असतो म्हणून. हा कल मुळात साडेतीन अंशांच्या आसपास. तो कमी झाला की चाकाला सरळ राहण्याची ओढ उरत नाही, आणि एक धक्का बसला की ते डोलायला लागतं.

गाडी उंच करायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून लांब शॅकल टाकतात. हिशेब करून बघा. पाट्याची लांबी ढोबळमानाने एक मीटर धरली आणि शॅकल ५० मिमीने लांब केला, तर अ‍ॅक्सलपाशी गाडी उचलली जाते फक्त २५ मिमी. पण पाट्याचं पुढचं टोक ५० मिमी खाली गेल्यामुळे अ‍ॅक्सल जवळपास ३ अंश पुढे फिरतो. इंचभर उंचीसाठी सगळा कॅस्टर गेला. त्या गाडीला जगातला कुठलाही डॅम्पर शांत करू शकणार नाही. लांब शॅकल असतील तर काढून मूळ लांबीचे टाका.

दुसरी चूक मागच्या पाट्यांची. सफारीच्या गाडीत मागे चढत्या बाकांवर ६ पर्यटक, पुढे गाईड आणि चालक. माणशी ६५ किलो धरले तरी ५२० किलो, आणि त्यातला मोठा भाग मागच्या अ‍ॅक्सलवर. गाडीचा मागचा भाग बसतो म्हणून कमानवाल्याकडे (पाटे दुरुस्त करणाऱ्याकडे) एक-दोन जाड पाटे वाढवले जातात. भरलेल्या गाडीला ते ठीक. रिकामी झाली की मागचा भाग वर आणि नाक खाली. व्हीलबेस २३७५ मिमी आहे, मागून ५० मिमी उचललं की सगळी गाडी सव्वा अंशाने पुढे झुकते, म्हणजे कॅस्टर तेवढाच उतरतो. रिकाम्या परतीत थरथर का येते, ते इथे कळतं.

मागे वजन पेलायचंच असेल तर मुख्य जुडगा मूळ ठेवा आणि हेल्पर पाटा घ्या, जो गाडी भरल्यावरच टेकतो. जाडीच्या बाबतीत फार जपून. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो: ६ मिमीच्या जागी ७ मिमी घेतला तर तो पाटा जवळपास ६० टक्के जास्त कडक होतो. "एकच मिलिमीटर तर आहे" म्हणून घेतलेले पाटे रिकाम्या गाडीला उड्या मारायला लावतात आणि चेसिसवरचे शॅकलचे कान फाडतात.

बसलेल्या पाट्याला कमान मारून घेणं चालतं, पण थंड असताना, ठोकून किंवा प्रेसवर. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं. तो काही आठवड्यांत परत बसतो किंवा तापवलेल्या जागीच तुटतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही. एकच पाटा तुटला म्हणून एकाच बाजूचा नवा जुडगा टाकला तर गाडी तिरपी होते. सपाट फरशीवर हबच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. फरक १० मिमीच्या वर असेल तर जोडीने बदला.

पाटा कुठे तुटला यावरून कारण सांगता येतं. यू-बोल्टच्या (पाटा धुऱ्याला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) जवळ तुटला तर यू-बोल्ट सैल होते. डोळ्यापाशी तुटला तर बुश किंवा शॅकल जाम होता. सेंटर बोल्ट तुटला तर बहुतेक वेळा तो यू-बोल्ट सैल राहिल्याचा परिणाम असतो, आणि मग अ‍ॅक्सल सरकतो. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना फितीने मोजा. ५-६ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर खाली शिरून सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात बसलंय का, ते बघा.

कॅस्टर थोडा कमी असेल आणि पाटे चांगले असतील तर पोलादी पाचर टाकता येते. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या पॅडमध्ये, जाड बाजू पुढे. अ‍ॅल्युमिनियमची नको, दगडी रस्त्यावर ती फुटते. दोन अंशांच्या पुढे जाऊ नका, कारण पाचर कॅस्टर वाढवते तसं पुढच्या डिफरन्शियलचं तोंडही खाली करते आणि फोर-व्हील टाकल्यावर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) ओरडायला लागतात. पाचरीबरोबर लांब सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट घ्या. नटाबाहेर किमान तीन आटे दिसले पाहिजेत.

पाटे बसवताना एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकते. शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच आवळले जातात. रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली उतरली की कायमचा पिळलेला राहतो. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात असा बुश एक हंगामही काढत नाही. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे दोनदा ढकला, मगच पक्के आवळा. यू-बोल्टचे चारही नट आलटून-पालटून, चारही टोकांचे आटे सारखे दिसतील असे. १०० किलोमीटरनंतर पुन्हा, ५०० नंतर पुन्हा. पाट्यांवर जळालं ऑइल मारायची सवय सोडा. आवाज जातो, पण ऑइलने रबरी बुश फुगून मऊ होतात.

शॉकअप लांबी मोजून घ्या, नुसतं नाव बघून नाही. बंद लांबी इतकी हवी की पाटा बंप स्टॉपला (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्याला) टेकल्यावरही शॉकअपमध्ये १०-१२ मिमी शिल्लक राहील. नाहीतर प्रत्येक खोल खड्ड्यात शॉकअपच बंप स्टॉप बनतो आणि वरचा माउंट उपटतो. उघडी लांबी कमी पडली तर तो अ‍ॅक्सलला टांगून ठेवतो. गाडी उंच केली असेल तर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळत ठेवून, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

आता चाकं

मूळ टायर २०५/७० आर १५, बाहेरचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०४ मिमी, म्हणजे जमिनीपासून १८ मिमी जास्त उंची. मीटर ६० दाखवत असेल तेव्हा गाडी ६३ वर असते. २३५/७५ आर १५ म्हणजे ७३४ मिमी. मीटरवर ६० असताना प्रत्यक्ष ६६, गिअरिंग दहा टक्के उंच झाल्याने चढावर इंजिन दमतं, पूर्ण वळणावर टायर पाट्याला आणि मडगार्डला घासतो, आणि जड चाकाचा प्रत्येक हिसका त्याच जुन्या किंगपिनवर. जंगलाच्या वाटेसाठी मूळ माप पुरेसं आहे. फार तर २१५/७५ पर्यंत जा. काळ्या मातीत रुंद टायर चांगला, हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोचतो, रुंद टायर चिखलावर तरंगतो, घसरतो आणि लोंदे घेऊन फिरतो. कायद्याचंही बघा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं, आणि प्रवासी नेणाऱ्या गाडीची फिटनेस तपासणी ठरावीक काळाने होतच असते.

रिमचं पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि त्या भोकांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास) ५ × १३९.७. घरी मोजायला शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ८२ मिमी भरलं पाहिजे. जुन्या जीपच्या रिमही याच पीसीडीच्या, त्यामुळे भंगार बाजारातून त्या सहज आणल्या जातात. घोटाळा नटांचा होतो. जिप्सीचा स्टड एम १२, आट्यांचं अंतर १.२५ मिमी. जीपचे अर्धा इंची आट्यांचे नट त्यावर सैल बसतात, हाताने सुरसुर चढतात आणि आवळताना आटे खातात. नट जिप्सीचेच वापरा आणि नटाचा शंकूसारखा भाग रिमच्या खड्ड्यात पूर्ण बसतो का, ते रंग लावून तपासा. नट हाताने किमान ९-१० फेरे चढला पाहिजे. त्याआधीच टेकला तर रिम जाड आहे आणि स्टड आखूड पडतोय. टॉर्क ८० न्यूटन मीटरच्या आसपास, चांदणीच्या क्रमाने. लांब पाइप लावून पायाने दाबू नका.

ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा, रिमवर कोरलेला असतो, तो वाचा. समजा जुनी रिम ५.५ इंच रुंद, ऑफसेट २२, आणि नवी ७ इंच, ऑफसेट शून्य. बाहेरची कड ४१ मिमी बाहेर येते, आतली जवळपास जागच्या जागी. दिसायला गाडी रुबाबदार होते, पण चाकाचा मध्य २२ मिमी बाहेर गेल्याने प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला तेवढ्या जास्त लांबीच्या तरफेने ओढतो. स्पेसरने (हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या जाड चकतीने) नेमकं हेच होतं. ऑफसेट मूळच्या ५-१० मिमीच्या आत ठेवा.

गावात अ‍ॅलॉयपेक्षा लोखंडी रिम बरी. दगडावर वाकलेली लोखंडी रिम तालुक्याच्या ठिकाणी सरळ करून मिळते, अ‍ॅलॉयला तडा गेला की ती गेली. बाभळीचे काटे रोजचेच, म्हणून ट्यूबलेस फायद्याचा. पण रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून रंगवल्याशिवाय ट्यूबलेस बसवला तर हवा कडेतून रात्रभर गळते.

हे सगळं झाल्यावर टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. मशीन जवळ नसेल तर दोन माणसं आणि एक फीत पुरते. गाडी सपाट जागी सरळ उभी करा. पुढच्या दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करून अंतर मोजा. गाडी हळूच पुढे ढकला, खुणा अर्धा फेरा फिरून पुढच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ६ मिमी कमी हवं. रेडियल टायरला २-३ पुरे. मग चारही चाकांचं बॅलन्सिंग. स्टिअरिंग डॅम्पर शेवटी, आणि तोही जुना गळत असेल तरच.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला फरक झेलणारं डिफरन्शियल नाही. मागे एक जुनं ६६८ चं चाक आणि बाकी तीन ७०४ ची, अशा स्थितीत नाल्यात फोर-व्हील टाकून तसंच कोरड्या रस्त्यावर आलात, तर लिव्हर अडकतो आणि गाडी ओढल्यासारखी चालते. तेव्हा लिव्हरवर जोर करू नका. थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटला की लिव्हर आपोआप निघेल.